चारचं वाचन

आमची पटकथा अडकली तेव्हा माझा नवरा धडधाकट होता, हे आधीच सांगून टाकते. लोकांना वाटतं, त्याच्या आजारपणामुळे काम थांबलं. काम त्याआधीच तीन महिने थांबलं होतं, आणि तेही त्याच्याच हट्टामुळे. माणूस आजारी पडला की त्याला सगळे सद्गुण चिकटवायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते जमत नाही.

गोष्ट एका रिक्षावाल्याची होती. तो येरवड्याला तुरुंगाबाहेर उभा असतो आणि कैद्यांना भेटून बाहेर आलेल्या माणसांना स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर सोडतो. ही माणसं रिक्षात बसल्यावर पहिली पाच मिनिटं गप्प असतात आणि मग एकदम भलत्याच विषयावर बोलायला लागतात, कांद्याच्या भावावर किंवा रस्त्यातल्या खड्ड्यांवर. हे आम्हाला एका रिक्षावाल्यानेच सांगितलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर माझ्या नवऱ्याने अठ्ठावीस सीन लिहिले. चांगले लिहिले. पण अठ्ठावीस सीन झाले तरी रिक्षावाल्याच्या स्वतःच्या आयुष्यात काही घडेना. नमनालाच घडाभर तेल झालं होतं.

निर्माता तरुण होता. शहराने पोटात घेतलेल्या एका गावातला. घरच्या जमिनीवर आता इमारती उभ्या होत्या आणि त्याला सिनेमाची मनापासून हौस होती. सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटची लिफ्ट बंद होती, तर तीन मजले चढून आला, चपला दाराबाहेर काढल्या, पाणी प्यायला आणि म्हणाला, "सर, राग मानू नका, पन ह्याच्यात बाई कुठं हाय? एक लव्हस्टोरी पाहिजे. आन् एक सबप्लॉट. नायतर लोक थेटरात मोबाइल काढून बसत्यात."

"बसू दे की," माझा नवरा म्हणाला. "अंधारात तेवढाच उजेड."

तो गेल्यावर मात्र नवरा म्हणाला, की पोरगं बोललं ते खरं आहे. मग आम्ही बाई शोधायला लागलो. ती दर दुसऱ्या गुरुवारी कोणाला तरी भेटायला तुरुंगात येते आणि परत जाताना याच रिक्षात बसते, इथपर्यंत सहज आलो. घोडं पेंड खात होतं ते पुढेच. आत असलेला माणूस तिचा कोण? भाऊ की नवरा? भाऊ असेल तर ती मोकळी आहे, प्रेम सरळ होईल. नवरा असेल तर गोष्ट वेगळी, जास्त खोल आणि जास्त अवघड. मी म्हटलं, भाऊच करू. तो म्हणाला, "मला ती अजून दिसत नाहीये. बाई मी आणतो. तू घाई करू नकोस."

मी तीन महिने घाई केली नाही. म्हणजे रोज एकदा टोमणा मारला, पण एक सीन सोडला तर काही लिहिलं नाही. मग एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून ब्रश पडला आणि तो उचलायला म्हणून वाकला तो उठलाच नाही.

आम्ही दोघं कसं काम करायचो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही कॉलेजपासूनचे. लग्नही केलं आणि लिहायलाही एकत्रच लागलो. मालिका लिहिल्या, दोन चित्रपट लिहिले, मूल काही झालं नाही. तीस वर्षं आमच्याकडे चार वाजता वाचन असायचं. चहा झाला की तो दिवाणावर आडवा होऊन डोळे मिटायचा आणि त्या दिवशी ज्याने जे लिहिलं असेल ते मी मोठ्याने वाचायचे. त्याचं लिखाणसुद्धा मीच वाचायचे, कारण तो म्हणायचा की स्वतःच्या तोंडून सगळंच बरं वाटतं. एखादी जागा रद्दी असेल तर तो फक्त "पुढे" म्हणायचा. म्हणजे एवढं काढून टाक आणि पुढचं वाच. आवडलं तर म्हणायचा, "पुन्हा वाच." फारच चांगलं असेल तर काहीच न बोलता उठून कप विसळायला जायचा. असे कप माझ्या वाट्याला तीस वर्षांत सात-आठ वेळा आले असतील. त्याच्या तोंडून 'छान' हा शब्द मी कधी ऐकला नाही. छान हे लोक लग्नाच्या जेवणाला म्हणतात, असं त्याचं मत होतं.

हॉस्पिटलमधून तो घरी आला तेव्हा पक्षाघाताने उजवा हात गेल्यात जमा होता, काठी घेऊन चालायचा आणि बोलणं संपलं होतं. बोलणं शिकवायला एक मुलगी आठवड्यातून तीनदा घरी यायला लागली. तिने त्याला आधी 'हो' म्हणायला शिकवलं, मग 'चहा'. दुसऱ्या महिन्यात तिने त्याला फुलाचं चित्र दाखवलं आणि तो म्हणाला, "छान." मुलगी इतकी खूश झाली की तिने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्याच आठवड्यात मी चारचं वाचन पुन्हा सुरू केलं.

का केलं ते सरळ सांगते. पटकथा पूर्ण होवो न होवो, मला त्याची एवढी तमा नव्हती. मला ती दोघांची व्हायला हवी होती. तो बोलू शकत नाही हे मी पचवलं होतं. पण ऐकणारा तो आत शाबूत आहे, ती बाई त्याला दिसायची तेव्हा दिसेल, माझं चुकलं तर त्याला कळेल, एवढं मला हवं होतं. ते असेल तर बाकीचं मी निभावून नेईन असं वाटत होतं.

मी भाऊ धरून लिहिलं. पहिला सीन असा होता, की बाईने भावासाठी आणलेला डबा गेटवर घेतला नाही, तो मांडीवर घेऊन ती रिक्षात बसलीय आणि उतरताना तो डबा रिक्षावाल्याला देऊन टाकते. नवरा पूर्वीसारखाच डोळे मिटून पडला होता. मी वाचून थांबले. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "छान."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कोणी उगाच कौतुक केलं की ज्या बाईला आधी संशय येतो, ती मी. पण त्या एका शब्दाने हुरळून गेले. तीस वर्षांत न मिळालेलं मिळालं असं वाटलं. आजारपणाने माणूस मऊ होतो असं मी स्वतःला समजावलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी तर त्या काडीचं घर बांधायला काढलं.

त्या मुलीने मला सांगितलं होतं, हेही लिहिते. एकदा जाताना दाराशी थांबली आणि म्हणाली, "काकू, काकांच्या येस-नोवर अजून रिलाय करू नका हां. म्हणजे टोन त्यांना कळतो, फेस कळतो. पण कंटेंट नक्की किती पोचतो, ते मला अजून शुअर नाहीये." मी तिला थंडपणे म्हटलं, की आमची तीस वर्षांची सवय आहे, तुझी तीन महिन्यांची. ती बिचारी सॉरी म्हणून गेली.

मग चार महिने मी लिहीत सुटले. रिक्षावाला आणि बाई, त्यांचं बोलणं, तिचं गुरुवारी येणं, एका गुरुवारी न येणं, त्याचं तिला शोधत तिच्या गल्लीपर्यंत जाऊन परत फिरणं. रोज चारला वाचायचे. तो कुठे हसायचा, कुठे त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि शेवटी 'छान'. मी निर्मात्याला फोन करून सांगायचे, "सरांनी आज दोन सीन पास केले." नातेवाइकांना सांगायचे, आमचं काम चालू आहे. 'आमचं' म्हणताना मला बरं वाटायचं.

सबप्लॉटही याच दिवसांत सुचला. त्याच रिक्षास्टँडवरचा एक म्हातारा रिक्षावाला. त्याची बायको आता कोणालाच ओळखत नाही. हा रोज दुपारी घरी जाऊन तिला भरवतो आणि भरवता भरवता सकाळपासूनची सगळी भाडी सांगतो. कोण कुठून बसलं, कुठे उतरलं, काय बोललं. हे कुठून सुचलं ते विचारायची गरज नाही. हे त्याला वाचून दाखवताना माझा आवाज कापत होता. वाटत होतं, तो रागावेल, की मला न विचारता मला सिनेमात घातलंस. तो म्हणाला, "छान." मी ती परवानगी समजले. एवढा मोठ्या मनाचा माणूस, असंही मनात आलं. माझा नवरा आयुष्यात कधी मोठ्या मनाचा नव्हता, हे मी सोयीस्करपणे विसरले.

घडलं ते असं. एका दुपारी लॅपटॉपवर माझ्याकडून भलतीच फाइल उघडली. तो आजारी पडण्याआधी मी एकदा, तरी बघू म्हणून, आत नवरा आहे असं धरून डब्याचा सीन लिहिला होता. तेव्हा तो ऐकून तिसऱ्या ओळीलाच "पुढे" म्हणाला होता आणि मी दिवसभर त्याच्याशी बोलले नव्हते. तोच सीन मी आता वाचत होते आणि अर्ध्यावर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. मग वाक्य आलं, "माझे मिस्टर आत आहेत." मी थांबले. चार महिने आम्ही त्या माणसाला भाऊ म्हणत होतो. आदल्या आठवड्यात तो भाऊ सुटूनही आला होता, रिक्षावाल्याने त्याला स्टेशनवर सोडलं होतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो शांत होता. कपाळावर आठी नाही, काही नाही. मी का थांबले, एवढाच प्रश्न चेहऱ्यावर. मी उरलेलं वाचलं. शेवटी आवाज खाली आणला, तशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो म्हणाला, "छान."

शहाण्या बाईने इथे थांबायला हवं होतं. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर सोसायटीची नोटीस घेऊन बसले. "गुरुवारी टाकी धुण्यात येणार असल्यामुळे सकाळी दहा ते पाच पाणी बंद राहील. सभासदांनी आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावे व सहकार्य करावे." आमच्या गोष्टीतल्या बाईच्या आवाजात वाचली. 'आदल्या दिवशी'पाशी जरा थांबले, 'सहकार्य करावे' अगदी हळू म्हटलं. त्याचे डोळे भरून आले.

"छान," तो म्हणाला.

"काय छान?" मी म्हटलं. "सांग मला, काय छान?" आणि मग मी ओरडायला लागले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तो "हो, हो" म्हणत राहिला आणि त्याने डावा हात तोंडासमोर धरला, मी मारणार आहे असं वाटून. तीस वर्षांत आमच्या घरात कोणी कोणावर हात उगारला नव्हता. तो हात तसा वर गेलेला मी पाहिला आणि तेव्हाच मला स्वतःची किळस आली. मी तो खाली घेतला आणि बराच वेळ धरून बसले. त्याला ते आवडलं. त्याला आता हात धरलेला आवडतो.

दोन दिवस मी एका वेड्या आशेवर काढले. पूर्वीचा तो असता तर त्या नोटिशीला खवचटपणे हेच म्हणाला असता. तुझ्या सीनपेक्षा हे बरं आहे, निदान पाणी कधी येणार ते तरी कळतं. कदाचित तो माझी चेष्टाच करत असेल. तिसऱ्या दिवशी मी माझा सगळ्यात आवडता सीन घेतला आणि आवाजात काही चढउतार न करता सपाट वाचला, बँकेत फॉर्म वाचतात तसा. तो तिसऱ्या वाक्याला खिडकीबाहेर बघायला लागला आणि पाचव्याला झोपला.

तो माझ्या आवाजावर हसत होता आणि माझ्याच आवाजावर रडत होता. चार महिने मी मलाच पास करत होते.

त्यानंतर मी सगळं लिखाण काढून पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. वाईट होतं. गोड होतं. जो तो ज्याला त्याला क्षमा करत होता. रिक्षावाला कविता केल्यासारखा बोलत होता. पूर्वीच्या त्याने प्रत्येक पानावर चार वेळा "पुढे" म्हटलं असतं. ते मलाही कळायला हवं होतं, कारण तीस वर्षं मी ते ऐकलं होतं. पण "पुढे" म्हणणारा माणूस गेला हे मान्य करायचं नव्हतं म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. तो गेला होता. चालत होता, जेवत होता, माझ्याकडे बघून हसत होता, आणि तो नव्हता. आणि याबद्दल कोणाजवळ रडावं अशी सोयही नाही. कारण लोक म्हणतात, निदान आहे तरी.

निर्माता आला तो याच दिवसांत. मी त्याला सगळं आधीच पाठवून बसले होते. तो पुन्हा तीन मजले चढून आला, नवऱ्याच्या पाया पडला. नवरा म्हणाला, "छान." तो म्हणाला, "सरांचा आशीर्वाद हाय, आता काळजी नाय."

मग मला म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? ते दोघांचं ठीक हाय. जरा गुळमुळीत हाय. पन ते म्हातारा-म्हातारीचं येकदम खरं हाय. माझ्या आजीचं आसंच झालं होतं. माझं म्हननं हाय, तीच लव्हस्टोरी करा. त्या दोघांचं सबप्लॉटमधी टाका." पोराला कळत होतं. माझ्या घरात ज्याला कळायचं त्याच्या शेजारी बसून तो हे बोलत होता. "फक्त शेवट बदला. म्हातारीनं शेवटाला त्याला येकदा वळकलं पाहिजे. येकदाच."

"तसं होत नाही," मी म्हटलं.

"होत नाय म्हनूनच पिच्चरमधी पाहिजे, मॅडम." मग त्याने विचारलं, "सरांचं काय म्हननं हाय?"

"त्यांना ते म्हातारा-म्हातारीचं आवडलंय," मी म्हटलं. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडाला सवय झाली होती.

दोन आठवडे मी त्या शेवटाशी भांडले. तिने ओळखलं तर ती थापेबाजी होते आणि आम्ही थापा लिहीत नाही, असं स्वतःला सांगायचे. मग लक्षात यायचं की 'आम्ही' असं आता काही नाही. काल सकाळी जेवणाच्या टेबलावर बसले. समोर नवरा डाव्या हाताने मटार सोलत होता. त्या मुलीने दिलेला व्यायाम आहे तो. दाणे निम्मे टेबलाखाली जातात. मी एका बैठकीत तो सीन लिहिला.

म्हातारा दुपारी घरी येतो. बायकोला भात भरवता भरवता सांगायला लागतो, की आज एक बाई बसली, पाच मिनिटं काही बोलली नाही, मग एकदम कांद्याचा भाव विचारायला लागली. म्हातारी त्याचा हात धरून घास थांबवते. म्हणते, "हे तुम्ही सोमवारी सांगितलंत. आजचं सांगा."

एवढंच. ती त्याचं नाव घेत नाही, रडत नाही, कोणी मिठी मारत नाही. तिने सोमवारचं ऐकलं होतं, आणि त्याच्या आधीचं सगळं ऐकलं होतं. सीन चांगला झाला आहे. चार महिन्यांतला एकुलता एक चांगला सीन, आणि त्यातली म्हातारी बोलते ते शब्द मला कोणाच्या तोंडून ऐकायचे आहेत ते मला माहीत आहे. मी ते ऐकणार नाही. ते लिहिताना मला बरं वाटलं असं वाटत असेल तर तसं नाही. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला, मीच कागदावर आणलेल्या माणसाचा. टेबलाखालचे दाणे गोळा केले, मटारची उसळ केली आणि दुपारी न वाचताच सीन निर्मात्याला पाठवून दिला.

चारला चहा झाला. कप घेऊन मी आत गेले आणि बाहेर आले तर तो दिवाणावर आडवा झाला होता, काठी नीट भिंतीला लावून ठेवली होती, डोळे मिटले होते.

"आज काही नाही," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला, आणि डोळे मिटून वाट पाहत राहिला.